एकशे अठरा मूलद्रव्यांचा संसार

९ सप्टेंबर, दुपार
ही आज बहिणीकडे गेली. हवापालट. बहिणीचा फ्लॅट वेल्डिंगच्या दुकानावर आहे. तिथली हवा कशी असेल ते मी रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून सांगू शकलो असतो, पण जाणाऱ्याला टोकू नये. दोन बॅगा नेल्या. एकीत सगळे स्वेटर. सप्टेंबरात स्वेटर. इतक्या वर्षांत हिला बॅग भरता आली नाही.

किती दिवसांसाठी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर हिला वाटलं असतं, मला घाई आहे. बसथांब्यापर्यंत जड बॅग मीच उचलली. म्हणाली, जाते. मी म्हटलं, अगं, येते म्हणावं. ती म्हणाली, बस आली.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. चालायला जाणे. पुस्तक पूर्ण करणे. बाहेरचं न खाणे.

१० सप्टेंबर
साडेसातला उठलो. पहिला दिवस.

पुस्तकाला आता सलग वेळ मिळेल. नाव ‘चिन्हकोडी’. प्रस्तावनेचा मसुदा: मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावा. तो निव्वळ मूलद्रव्यांच्या चिन्हांनी बनला पाहिजे, एकही अक्षर उरता कामा नये. उदाहरणार्थ पाणी. Pa म्हणजे प्रोटॅक्टिनियम, Ni म्हणजे निकेल. वर्गात मी पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं शिकवतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात हे लिहितो. मुलं गोंधळतात. गोंधळ ही ज्ञानाची पहिली पायरी.

नवरा: Na, V, Ra. सोडियम, व्हॅनेडियम, रेडियम. बायको: Ba, Y, K, O. दोन्ही जमतात. लग्न झाल्या झाल्या हिला दाखवलं होतं. म्हटलं, नवऱ्यात रेडियम आहे, अंधारात चमकतो. ही म्हणाली, जवळ ठेवला तर माणूस खंगतो असंही वाचलंय. विज्ञानाची आवड होती हिला तेव्हा.

भात लागला. पातेलं भिजत घातलं.

१३ सप्टेंबर
हिला फोनवर कोडं पाठवलं. ‘जमिनीखाली वाढतो. तीन चिन्हं, शेवटची दोन सारखी.’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी सूचना पाठवली: पहिलं चिन्ह बेरियमचं. निळ्या खुणा. मग हिला कमीपणा वाटू नये म्हणून उत्तरही मीच पाठवलं. बटाटा. Ba, Ta, Ta. निळ्या खुणा.

संवाद सुरू झाला आहे.

पातेलं अजून भिजतंय.

१७ सप्टेंबर
लेकीचा फोन. काय जेवता म्हणून विचारलं. सगळं, म्हणालो. मग म्हणाली, बाबा, आई का गेली ते तुम्हाला माहीत आहे ना? म्हटलं, हो, हवापालट. त्यावर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तिच्याकडे नेटवर्कचा नेहमीच त्रास.

विषय बदलावा म्हणून तिला एक गंमत सांगितली. बाबा जमतो, दोनदा बेरियम. बहीण जमते, भाऊ जमतो. आई मात्र जमत नाही. नुसतं A हे चिन्हच नाही. लेक म्हणाली, हे आईला कधी सांगितलं होतंत का? म्हटलं, तुझा जन्म झाला त्याच दिवशी, दवाखान्यात. तिनं विचारलं, मग आई काय म्हणाली? आठवेना. आठवण्यासारखं काही म्हणाली नसावी.

२४ सप्टेंबर
मोठी प्रगती. आज सकाळी हिला कोडं पाठवलं होतं: ‘सगळे शोधतात, चार चिन्हं.’ दुपारी उत्तर आलं. ‘नको.’

आधी वाईट वाटलं. मग मधल्या सुट्टीत एकदम लक्षात आलं. Na, K, O. सोडियम, पोटॅशियम, ऑक्सिजन. एक अक्षर वाया नाही. म्हणजे ही चिन्हांत उत्तर देते आहे. न बोलता शिकत होती इतकी वर्षं.

गणिताच्या सरांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, सर, पण कोड्याचं खरं उत्तर काय होतं? म्हटलं, सुख. ते डबा बंद करून तासाला गेले. तास नव्हता त्यांचा. गणितवाल्यांना शब्दांची गोडी नसते.

लगेच पुढचं कोडं पाठवलं. उत्तर: ‘नाही.’ Na, H, I. पुन्हा अचूक.

५ ऑक्टोबर
दवाखान्यातून मेसेज. नोव्हेंबरमध्ये हिची फेरतपासणी. फेब्रुवारीत हिच्या छातीतली गाठ तपासली होती, तेव्हा नंबर माझा दिला होता. हिला पुढे पाठवला. ‘मिळालं’ असं उत्तर. मिळालं जमत नाही. घाईत असेल.

फेब्रुवारीबद्दल लेक हल्ली फार बोलते म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. मी हिच्याबरोबर गेलो होतो. दिवसभर कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. हिला बाहेर आणलं तेव्हा मी सांगितलं की बायोप्सी हा शब्द इंग्रजीत पूर्णपणे मूलद्रव्यांचा आहे. Bi, O, P, S, Y. असा शब्द सहसा मिळत नाही. धीर द्यायला सांगितलं. ती छताकडे बघत होती. गुंगी.

रिपोर्ट आणायच्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. म्हणजे परीक्षा सकाळी संपली, पण विज्ञान प्रदर्शनाचा कोड्यांचा फलक रंगवायचा राहिला होता. ती एकटी गेली. जवळच तर आहे. संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, साधी आहे. मी म्हटलं, बघ, उगाच घाबरलीस, आणि विचारलं, चहा टाकतेस का? तिनं टाकला. चपला न काढताच ओट्यापाशी गेली. चपलांबद्दल मी बोललो. स्वयंपाकघरात चपला बऱ्या नव्हेत, हे कुणीही सांगेल.

एवढंच झालं. यात माणूस घर सोडून जाईल असं काय आहे? हवापालटच.

८ ऑक्टोबर
लेक म्हणाली, बाबा, आईला एकदा सॉरी म्हणा. कशाबद्दल ते विचारलं तर म्हणाली, तेही तुम्हीच शोधा, कोडी आवडतात ना तुम्हाला.

वादापेक्षा म्हणून टाकावं. पण साध्या भाषेत म्हणणं हिला कोरडं वाटेल. चिन्हांत म्हणावं.

९ ऑक्टोबर
तांत्रिक अडचण. सॉरी जमत नाही, नुसत्या R ला चिन्ह नाही. माफ तर पहिल्याच अक्षराला अडकतं. क्षमा अमेरिशियमपर्यंत व्यवस्थित येते आणि मग शेवटचा a उरतो. चुकली जमतं: C, H, U, K, Li. चुकला जमतं, शेवटी लँथॅनम. चुकलो जमत नाही. आख्ख्या आवर्तसारणीत ना नुसता L आहे, ना Lo. तीनदा पाहिलं. शास्त्रापुढे इलाज नाही.

१० ऑक्टोबर
मार्ग काढला. नुसता ‘चूक’ हा शब्द पाठवला, कोडं करून. ‘दोघांत होते, एकाची नसते. चार चिन्हं.’

उत्तर लगेच आलं. ‘कोणाची?’

उत्साह वाढला आहे, सूचना मागते आहे. मी लिहिलं: ‘सुरुवात कार्बननं.’

त्यानंतर काही नाही. निळ्या खुणाही नाहीत.

१४ ऑक्टोबर
निळ्या खुणा नाहीत. फोन बिघडला असणार. जुना आहे.

लेकीला विचारलं. तिचा आईशी रोज व्हिडिओ कॉल होतो म्हणाली. म्हणजे बिघाड फक्त मेसेजमध्ये आहे.

१९ ऑक्टोबर
हिच्या ताईंचा फोन. माझ्याशी त्या आधीपासूनच जपून बोलतात, आज जास्तच. म्हणाल्या, भाऊजी, तिनं काम धरलंय. शाळेचे गणवेश शिवतात तिथे, कापडाच्या कटिंगला. मालकीणबाई फार खूश आहेत तिच्यावर.

मी म्हटलं, छान, वेळ जाईल तिचा. ताई म्हणाल्या, वेळ घालवायला नाही हो, काम म्हणून धरलंय. तिला तिचं शिलाई मशीन हवंय, माणूस पाठवला तर द्याल का?

इथे मी डोकं चालवलं. म्हटलं, नाजूक वस्तू आहे, माणूस आदळआपट करेल, तिनं स्वतः येऊन न्यावं. ताई हो म्हणाल्या.

ती येईल. स्वच्छ घर बघेल. चांगलंचुंगलं जेवेल. मशीन कशाला हलवायचं असं तिचं तिलाच वाटेल. म्हटलंच आहे, आपला हात जगन्नाथ.

संकल्प: घर धुऊन पुसून लख्ख करणे. तीन भाज्या शिकणे. ते पातेलं टाकून देणे.

२६ ऑक्टोबर
पडदे धुतले. गरम पाण्यात. आता खिडकीच्या अर्ध्यापर्यंत येतात. उजेड भरपूर येतो, तेवढंच बरं.

कोबी जमला. वांगं जमलं नाही. गणिताच्या सरांच्या पत्नीनं फोनवर कृती सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, वहिनींना आमचा नमस्कार सांगा. म्हटलं, सांगतो.

२ नोव्हेंबर
मशीनवरची चादर काढली. चाकाला आणि पट्ट्यांना गंज. हिनं लग्नाआधी शिकवण्या घेऊन घेतलेलं मशीन. लेकीचे सगळे फ्रॉक याच्यावर झाले. माझे प्रयोगशाळेचे ॲप्रनसुद्धा. खिशावर माझं नाव घालायची, लाल दोऱ्यानं. मी कधी म्हटलं नव्हतं घाल म्हणून.

गंज म्हणजे माझा विषय. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल शाळेतून आणलं. गंज डोळ्यांदेखत गेला. मग सोड्याच्या पाण्यानं उदासीनीकरण. मग स्वच्छ पाणी. आरशासारखं चमकलं. फोटो काढला. पाठवणार नाही, प्रत्यक्षच बघू दे.

३ नोव्हेंबर
मशीन सकाळी पूर्ण तपकिरी. आधी होता त्याच्या चौपट गंज. बहुतेक पुसून कोरडं करायचं राहिलं. समीकरण मात्र बरोबर होतं.

चाक फिरत नाही. जोर लावला. मग जास्त लावला. आतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. चादर परत घातली.

९ नोव्हेंबर
ती आली.

Ti, Al, I. टायटॅनियम, ॲल्युमिनियम, आयोडीन. आख्खं वाक्य जमतं. सकाळी फ्रिजवर लिहून ठेवलं होतं, खाली फूल काढून.

ताईंचे यजमान टेम्पो घेऊन खाली थांबले. वर या म्हटलं तर म्हणाले, नको, गाडीपाशी बरा. ती एकटी वर आली. केस कापलेत, खांद्यापर्यंत. बरी दिसते. दारात थांबली, जणू दुसऱ्याचं घर, मी या म्हणेपर्यंत. मी ‘या’ म्हणालो. तिला. तोंडातून तसंच निघालं.

पडद्यांकडे बघून ती हसली. खरोखर हसली. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. फ्रिजवरचं वाचलं. मी सोडवून सांगितलं. म्हणाली, कळलं मला.

मग तिनं चादर काढली. चाकावर हात ठेवला, फिरवून पाहिलं. फिरलं नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मी आम्लाचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं, दोन्ही समीकरणं सांगितली. ती ऐकत होती. रागावली नाही. रागावली असती तर मला बोलायला सुचलं असतं. बोटाला लागलेला गंज तिनं रुमालाला पुसला आणि म्हणाली, राहू दे इथेच.

जेवायला थांबली. पानं मी घेतली. कोबी चांगला झालाय म्हणाली. तेव्हा मी विचारलं, मग परत कधी? ती पाणी प्यायली. म्हणाली, अहो, मला तिकडे झोप लागते. मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे रात्री पडले की थेट सकाळ होते. इथे मी कित्येक वर्षं जागी होते. तुम्ही शेजारीच होता.

मला माहीत नव्हतं. मला झोप चांगली लागते.

उरलेले कपडे, तिच्या आईचा फोटो आणि कात्री घेऊन गेली. निघताना मी म्हटलं, फेरतपासणीला मी येतो बरोबर. ती म्हणाली, बघू.

रात्रीचा विचार: गादीच जुनी आहे. मध्ये खड्डा पडलाय. एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही. उद्याच नवी बघतो. आणि मशीन इथेच ठेवलंय. कायमचं जायचं असतं तर नेलं असतं.

१२ नोव्हेंबर
गादीची ऑर्डर दिली. दुकानदारानं विचारलं, किती जणांसाठी? दोघांसाठी.

१५ नोव्हेंबर
लेकीकडून कळलं, आईनं नवं मशीन घेतलं. विजेवर चालणारं. फोटो पाठवला. मशीनमागे ती उभी आहे, हातात टेप, गळ्यात दुसरी टेप. मागे बायका हसतायत. कुणीतरी काहीतरी बोललं असणार. काय बोललं असेल यावर बराच वेळ गेला.

लेकीला म्हटलं, तिथे रमलेली दिसते थोडे दिवस. लेक म्हणाली, बाबा, ती खोली बघतेय. स्वतःची. मावशीकडे किती राहणार? मी म्हटलं, तेच तर, इथे तीन खोल्या आहेत. लेक रडायला लागली. मला वाटलं तिच्याच घरी काही झालं. विचारलं, सगळं ठीक ना तुझ्याकडे? ती म्हणाली, माझ्याकडे सगळं ठीक आहे, बाबा.

१८ नोव्हेंबर
पुस्तकाचं ‘सोपी वाक्यं’ हे प्रकरण आज पूर्ण करायचं होतं. होत नाही. ती जमतं. होती जमतं. गेली जमतं, जर्मेनियम आणि लिथियम. नाही जमतं. आहे जमत नाही. येईल जमत नाही. मी नाही, तू नाही.

प्रकरण बाजूला ठेवलं. चिन्हं मी ठरवलेली नाहीत.

२१ नोव्हेंबर
सोमवारी फेरतपासणी. संकल्प, आणि हा पाळणार: रजा टाकणे. वेळेआधी पोचणे. कोड्यांचे कागद न नेणे. तिच्या शेजारी बसणे. आत बोलावलं तर पर्स धरणे. रिपोर्ट मिळेपर्यंत एक शब्दही न बोलणे.

तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर नको म्हणेल.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळ्यांच्या आधी पोचलो. इस्त्रीचा शर्ट. कागद नेले नाहीत. दाराकडे तोंड करून खुर्ची धरली आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला.

माणसं येत गेली. एक बाई नवऱ्याबरोबर आली. तो पूर्ण वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता, बोलत काहीच नव्हता. हे इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. पुढे आजी, तिच्यासोबत सून. मग एक मुलगी एकटीच. रुमालाची खुर्ची तिनं मागितली. म्हटलं, येतायत कुणीतरी. ती उभी राहिली. थोड्या वेळानं मी रुमाल उचलला.

दुपार झाली. खिडकीवर हिचं नाव विचारलं. खिडकीवरच्या बाईनं शोधलं. म्हणाली, यांनी मागच्या आठवड्यातच कळवलंय, दुसरीकडे तपासणी केली म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही का? तुम्ही कोण त्यांचे?

नातेवाईक, म्हणालो.

खुर्चीवर परत येऊन लेकीला फोन केला. ती म्हणाली, हो बाबा, मंगळवारीच झाली, मावशी होती बरोबर. सगळं साफ आहे. मला वाटलं आईनं सांगितलं असेल. आईला वाटलं मी सांगेन.

मग हिलाच फोन लावला. एवढ्या महिन्यांत पाठवली ती कोडीच, फोन केला नव्हता. मागे मशिनांचा आवाज. हॅलो म्हणाली. मी म्हटलं, साफ आहे कळलं. ती म्हणाली, हो. मी रुमालाची घडी घातली. ती म्हणाली, काही काम होतं का? म्हटलं, नाही, सहज केला.

ती एकदम घाबरली. आवाजावरून कळलं. बरं वाटत नाहीये का तुम्हाला, म्हणाली. छातीत दुखतंय का? घाम येतोय का? शेजारी कुणी आहे का? मी म्हटलं, नाही गं, खरंच सहज. तिला ते पटायला वेळ लागला. मग म्हणाली, बरं. शुगर तपासून घ्या एकदा. मला इथे कापड लावायचंय, ठेवू? ठेव, म्हणालो.

तिथेच बसून राहिलो. गर्दी ओसरली. दिवे एकेक करून बंद व्हायला लागले. सिस्टर आली. म्हणाली, काका, ओपीडी संपली. पेशंट कुठे आहे तुमचा?

म्हटलं, ती बरी आहे. तिच्या घरी आहे.

सिस्टर म्हणाली, मग तुम्ही कशाला थांबलात?

तिला फरशी पुसून घ्यायची होती. उठलो.